काटेसाहेबांचे सहा स्टँड

काटेसाहेबांचं खरं आडनाव वेगळंच आहे, पण ते आता पोस्टमनशिवाय कोणाला ठाऊक नाही. गावाबाहेरच्या वजनकाट्यावर चौतीस वर्षं बसले. भरलेला ट्रक तोलायचा, रिकामा ट्रक तोलायचा, मधला फरक वहीत लिहायचा. आपला आकडा एकदाही चुकला नाही, असं ते स्वतःच सांगतात, आणि जिन्यात सापडेल त्याला सांगतात. म्हणून तर लोक जिना दोन-दोन पायऱ्या टाकत चढतात.

असा माणूस निवृत्त होऊन घरात बसला की बायकोच्या डब्यांवर तारखा लिहू लागतो. काकूंनी आठ दिवस कळ काढली आणि नवव्या दिवशी त्यांना गच्चीवर पिटाळलं. तिथे काकूंची सहा बोन्साय होती: अंजीर, डाळिंब, लिंबू, बोगनवेल, वड आणि सुरू. खालचे लाकडी स्टँड रोजच्या पाण्याने कुजून गेले होते. सुताराकडून गुडघ्याएवढ्या उंचीचे सहा नवे स्टँड आले, आणि ऊन-पाऊस सोसेल असं काहीतरी त्यांना लावण्याचं काम काटेसाहेबांकडे आलं.

आता कोणीही दुकानातून एक डबा आणून सहाही स्टँड रंगवून मोकळा झाला असता. काटेसाहेबांनी सहा डबे आणले. आधी सगळ्यांना पॉलिशपेपर मारून एकच अक्रोडी स्टेन दिला, कारण "सहा रंगांचे स्टँड माझ्या गच्चीवर चालणार नाहीत," असा काकूंचा हुकूम होता. मग त्यावर तीन स्टँडना तीन जातींची तेलं, दोघांना दोन जातींची व्हार्निशं आणि एकाला मेण. पाणी पायांच्या तळातून चढतं म्हणून प्रत्येक पाय त्यांनी वाटीत बुडवून भिजवला. वाट्या स्वयंपाकघरातल्या होत्या. त्यावरून जे झालं ते चार घरांना ऐकू आलं.

कोणत्या झाडाखाली काय, ते वहीत गेलं. अंजीर: कच्चं जवसाचं तेल. लिंबू: साधं व्हार्निश. वर्षभर दर एक तारखेला पाहणी. ही कीर्ती सार्वजनिक बागेच्या मॅडमपर्यंत पोचली. बागेत बोन्सायचं नवं दालन उघड्यावर होणार होतं आणि चाळीस कोरे स्टँड गोदामात पडून होते. "वर्षाअखेर तुम्ही सांगाल ते लावते," मॅडम म्हणाल्या. काटेसाहेबांनी शब्द दिला. चाळीस स्टँड आपल्या एका वाक्यावर अडलेत, या आनंदात, कोणीतरी विचारावं म्हणून, ते महिनाभर जिन्यात जरा सावकाशच चालत होते.

घोटाळा सुरू झाला चौथ्या महिन्यात. अंजिराखालचा स्टँड राखाडी पडला, तशी नोंद झाली. पाचव्या महिन्यात तोच स्टँड चकचकीत! लिंबाखालच्याचे पापुद्रे सुटले होते, ते सहाव्या महिन्यात गायब, आणि डाळिंबाखाली उगवले. काटेसाहेबांनी चष्मा पुसला. मग चष्म्याचा नंबर तपासून आणला. लाकूड म्हातारं होतं हे त्यांना मान्य होतं. ते पुन्हा तरुण होतं, हे कसं मान्य करायचं?

"अगं, लाकूड आपलं आपण बरं होतं का?"

"माझे गुडघे होत नाहीत, लाकूड कशाला होईल?" काकू म्हणाल्या.

मग त्यांना भलतीच शंका आली. लाकूड ठीक आहे, आपलंच डोकं कुजायला लागलंय. ते गुपचूप जुन्या ट्रकांचे नंबर आठवून पाहू लागले. नंबर धडाधड आठवायचे. म्हणजे डोकं ठीक. म्हणजे लाकूडच बिघडलंय. पण ते तर सुधारतंय! या चक्रात दहावा महिना गेला, अकरावा गेला, आणि मॅडमचा निरोप आला: रविवारी अकराला येते.

दर रविवारी सकाळी काटेसाहेब दाढीला जात. त्या रविवारी धास्तीने गेले नाहीत. आठ वाजता गच्चीवर चढले तर काकू लिंबाची कुंडी पोटाशी धरून डाळिंबाच्या जागी नेत होत्या.

"हे काय चाललंय?"

"दर रविवारी चालतं तेच. झाडांना सगळ्या बाजूंनी ऊन नको? जागा बदलते त्यांच्या."

"वर्षभर?"

"वर्षभर. तुम्ही येता, गुडघ्यावर बसता, पाय बघता आणि जाता. वर झाड कुठून कुठे गेलं ते कधी पाहिलंत?"

काटेसाहेब कठड्याला टेकले. डोकं शाबूत आहे हे कळून आधी बरं वाटलं. मग वही आठवली आणि ते बरं वाटणं पळालं.

"मग मी लिहिलं काय इतके दिवस?"

"ते मला काय विचारता? चौतीस वर्षं ट्रकांचे नंबर लिहिलेत, सहा स्टँडना नंबर घालता आला नाही?"

"नंबराचा रंग चाचणीत ढवळाढवळ करेल म्हणून..." पुढचं वाक्य त्यांनाच पटेना.

मॅडम दहा मिनिटं आधीच आल्या. काटेसाहेबांनी वही पाठीमागे धरली आणि पहिल्यांदाच नुसत्या स्टँडांकडे पाहिलं. दोघांचे पापुद्रे निघालेले, म्हणजे ती व्हार्निशं. एकावर पांढरे डाग, म्हणजे मेण. उरली तीन तेलं. त्यातले दोन राखाडी आणि एक कालच आणल्यासारखा. त्यांना घाम फुटला, पण हा आनंदाचा होता.

"मॅडम, हा! तेल! तिन्हींपैकी एक तेल जिंकलंय. कोणतं, एवढंच शोधायचं."

"तो होय," काकू म्हणाल्या. "छाटणी करताना कुंडी खाली ठेवून मी त्यावर बसते. ओला नको म्हणून आभाळ भरलं की आत ओढते. उन्हाचाही दाराआडच असतो बराच वेळ."

मॅडमनी हसू दाबायला बोगनवेलीकडे तोंड फिरवलं.

"म्हणजे बाहेर राहिलेले पाचही गेले?" त्यांनी शेवटी विचारलं.

"गेले." हा शब्द काटेसाहेबांनी गिळत गिळतच उच्चारला.

"बरं. यातला कुठला पुन्हा नीट करायला सोपा?"

हे काटेसाहेबांनी वर्षभरात मनातसुद्धा आणलं नव्हतं. ते खाली बसले. व्हार्निशचा पापुद्रा नखाने उचकटला. तो तुटत तुटत निघाला, बराचसा चिकटूनच राहिला. मग तेलाच्या राखाडी स्टँडवर पॉलिशपेपर चारदा फिरवला. खालून अक्रोडी रंग वर आला.

"तेल. खरवडायला नको. घासायचं आणि लावायचं. पण दरवर्षी लावायचं."

"कुठलं तेल?"

चौतीस वर्षं 'अंदाजे' हा शब्द न लिहिलेल्या माणसाने दोन राखाडी स्टँडांकडे आलटून पालटून पाहिलं. दोन्ही सारखेच राखाडी.

"कुठलंही," ते म्हणाले.

"छान! हे आमच्या माळ्यांनाही जमेल," म्हणत मॅडमनी तेवढं लिहून घेतलं आणि आनंदाने जिना उतरल्या.

काटेसाहेब तिथेच उभे. शब्द पाळला की तोंडघशी पडलो, हे त्यांना कळेना. "अगं, त्या खूश का झाल्या?" त्यांनी विचारलं.

"मला काय माहीत? सरका, झाडाचं ऊन अडवून उभे आहात," काकू म्हणाल्या आणि सुरूची कुंडी उचलायला वाकल्या.