बंद फोल्डर

फोटोग्राफर वारल्याला महिना झाला, तेव्हा त्याच्या बायकोने संगणक दुरुस्त करणाऱ्या वायरमामांना बोलावलं. स्टुडिओच्या कपाटात सगळ्या फाइली साठवणारा, तिच्या संगणकाला केबलने जोडलेला डबा होता. त्यातला एक फोल्डर तिच्या संगणकावरून उघडायला गेलं की ‘परवानगी नाही’ असं यायचं.

मामांनी पासवर्ड बदलला, केबल बदलली, तरी डबा दाद देईना. शेवटी परवानग्यांची यादी काढली, तर त्या फोल्डरपुरतं नवऱ्यानेच तिचं नाव बंद केलेलं. एरवी बिघाड तोंडावर सांगून मोकळे होणाऱ्या मामांनी स्क्रीन स्वतःकडे वळवून घेतली. त्यांनी नाव चालू केलं.

"वहिनी, बघा आता."

आत नवऱ्याच्या आजाराचे दोन वर्षांपूर्वीचे दवाखान्याचे रिपोर्ट होते.

"म्हणजे त्यांना तेव्हापासून ठाऊक होतं," ती म्हणाली. "आणि मी त्यांना चिडके म्हणत राहिले."

मामांनी तिच्यासाठी खुर्ची ओढली.