सोनाळ्याचा शिकंदर

सोनाळ्याच्या शाळेत चौथीला एक गुरुजी होते. मी शेजारी दुसरीला शिकवायचो, आणि मधल्या कुडातून त्यांचा शिकंदर माझ्या पोरांनाही ऐकू यायचा. टोपी आडवी केली की गुरुजी शिकंदर व्हायचे, सरळ केली की त्याचे शिपाई. अर्धं जग ज्याला चळचळा कापायचं, तो त्यांच्या वर्गात अस्सल वऱ्हाडी बोलायचा.

बियास नदीपाशी फौज थकून खाली बसली, हा भाग ते पुन्हा पुन्हा घ्यायचे. "काऊन बसले बे?" ते गरजायचे. मग टोपी सरळ व्हायची आणि अख्खी चौथी त्यांच्यासोबत म्हणायची, "पाय दुखून राह्यले, महाराज. आमी घरी जातो."

"आन् तो गेला वापस," गुरुजी हळूच सांगायचे. "त्याले कोनाची तलवार अडवू शकली नोती, पोरंहो."

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं होतं. एकदा मंत्री गावात यायचे होते, म्हणून पोरं सकाळपासून झेंडे घेऊन उन्हात उभी होती. दुपार कलली तरी गाडी आली नाही, तेव्हा चौथीची रांग मटकन खाली बसली.

तालुक्याचे साहेब धावत आले. "का बसलात रे?"

"पाय दुखून राह्यले, महाराज," अख्खी चौथी म्हणाली. "आमी घरी जातो."

साहेबांनी गुरुजींकडे रोखून पाहिलं. बदलीच्या भीतीनं आम्ही बाकीचे मास्तर आपापल्या रांगा सरळ करू लागलो. गुरुजींचा चेहरा मात्र पोरगं परीक्षेत पहिलं आल्यासारखा फुलला होता. त्यांनी टोपी सरळ केली आणि रांगेच्या शेवटी जाऊन मांडी घातली.