वंदनाचे तीन मेल

"मेल मिळालाच नाही," असं मी वंदनाच्या तेराव्याला सांगितलं होतं.

खोटं होतं ते.

आज तिला जाऊन तेरा वर्षं झाली. लातूरच्या आपल्या सगळ्या मैत्रिणी माझ्या प्रोफाइलवर आहेत, म्हणून इथंच लिहितेय.

ज्यांना वंदना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते.

अकरावी-बारावीला आम्ही दोघी लातूरला एका खोलीत राहायचो. पत्र्याची खोली, सहा कॉट, सहा पोरी, सगळ्यांचे क्लास वेगवेगळ्या वेळी.

मी मुदखेडची. वंदनाचं गाव औशाकडचं. भूकंपात तिची आई आणि धाकटा भाऊ गेले. मग देगलूरच्या मामांनी तिला वाढवलं.

ती त्याबद्दल कधी बोलायची नाही. फक्त खोलीची कडी लावू द्यायची नाही.

बारावीला ऐन टेस्ट सिरीजमध्ये मला कावीळ झाली. घरी फोन नव्हता.

वंदना म्हणाली, "ऊठ शोभे, मी सोडून येते तुला."

"अगं, उद्या तुझा फिजिक्सचा पेपर हाय."

"पेपर काय, पुन्हा येतंय."

लातूरहून नांदेड, नांदेडहून मुदखेड. एसटीत पूर्ण वेळ माझं डोकं तिच्या मांडीवर. मला आईच्या ताब्यात देऊन ती लगेच उलट्या पावली परत गेली. तिचे दोन पेपर बुडाले.

पुढं मी इंजिनिअरिंग करून हैदराबादला नोकरीला लागले. वंदनाचं मेडिकल थोडक्यात हुकलं. ती बी.एड. करून बिलोलीला शाळेत शिकवायला लागली. नवरा एसटीत कंडक्टर. आम्ही सगळ्या त्यांना दाजी म्हणतो.

आपल्या सहा जणींची मेलिंग लिस्ट मीच काढली होती, आठवतं ना?

आणि त्या लिस्टवर सगळ्यात जास्त कोण लिहायचं, तेही आठवत असेल.

शाळेतल्या पोरींचं विज्ञान प्रदर्शन. जुनी पुस्तकं कुणाकडं आहेत का. एखाद्या पोरीला लातूरला राहायला खोली मिळेल का. पोरगी ऋतुजा पहिल्यांदा चालली, तोही मेल.

तेव्हा ऑफिसात मला दिवसाला दीडशे मेल यायचे. मी फिल्टर लावले. क्लायंटचे एका फोल्डरात, सोसायटीचे दुसऱ्यात. आणि 'लातूर' नावाचं एक फोल्डर.

लिस्टचा मेल आला की इनबॉक्सला न येता थेट तिकडं.

वंदना कधी लिस्टवर लिहायची, कधी एकटीला. म्हणून मी त्या फिल्टरमध्ये तिचा पत्तासुद्धा टाकला. फक्त तिचा. हे आजवर कुणाला माहीत नाही.

इनबॉक्स एकदम साफ झाला. मॅनेजरनं मीटिंगमध्ये माझं कौतुक केलं.

नवा मोबाईल नंबर मी लिस्टवर टाकलाच नाही. राहून गेलं म्हणायचे. खरं तर फोन नको होते.

आणि मग एक दिवस ऑफिसच्या लँडलाइनवर आपल्या खोलीतल्या सुनीताचा फोन आला. "शोभा, वंदना गेली गं. तुझ्याच हैदराबादला. अकरा दिवस दवाखान्यात होती."

फोन ठेवून मी 'लातूर' फोल्डर उघडलं.

वंदनाचे न वाचलेले तीन मेल होते.

पहिला : "शोभे, हैदराबादला आणलंय मला. पोटात गाठ आहे. हे डॉक्टरच्या इंग्रजीला घाबरून राहिलेत. एक चक्कर मारशील का?"

दुसऱ्यात वॉर्डाचा नंबर, आणि "ऑपरेशन सोमवारी आहे. तुझा जुना नंबर लागत नाही."

तिसरा : "बिझी असशील. असू दे. तब्येतीला जप."

दवाखाना माझ्या घरापासून रिक्षानं वीस मिनिटांवर होता.

अजून एक सांगायचंय. त्या आठवड्यात एकदा मी ते फोल्डर उघडलं होतं. वंदनाचं नाव ठळक अक्षरात दिसलं. विषय होता 'हैदराबाद'. मला वाटलं शाळेची सहल असेल, राहायची सोय मागत असेल. नंतर बघू म्हणून बंद केलं.

तेराव्याला देगलूरला तिच्या मामांच्या घरी गेले. दाजी जवळ येऊन बसले.

"ताई, मेल भेटला न्हाई का तुमाला? ती चिठ्ठी लिहून द्यायची, मी समोरच्या नेट कॅफेत जाऊन एकेक अक्षर टाकायचो."

बाया बघत होत्या. मी म्हणाले, "नाही हो दाजी. मिळालाच नाही."

ते म्हणाले, "मग माझ्याच हातून पत्ता चुकला असंन."



तेरा वर्षं गप्प बसले. तुम्ही सगळ्या म्हणायचात, 'बिचाऱ्या दाजींकडून पत्ता चुकला.' मी मान हलवायचे.

गेल्या महिन्यात ऋतुजाच्या अकरावीसाठी दाजी लातूरला आले. क्लासचा फॉर्म भरायला मीही हैदराबादहून आले होते. ईमेलचा रकाना आला, आणि दाजींनी कीबोर्डवरून हात मागं घेतला.

"तूच टाक बाई. माझ्या हातानं एकदा चूक झाली. तुझी आई वाट बघत गेली."

पोरगी माझ्याकडं बघून कसनुसं हसली.

मी तिला फॉर्मचा पुढचा रकाना दाखवला.

पण पुढच्या रविवारी तिन्ही मेलचे प्रिंट घेऊन बिलोलीला गेले. फिल्टरसकट सगळं सांगितलं.

दाजींनी कागद हातात घेतले. वरच्या ओळीवर बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं.

"म्हंजे पत्ता बरोबर होता."

"हो दाजी."

त्यांनी कागद खाली ठेवले.

"ती रोज विचारायची, नीट टाकला ना? मी म्हणायचो, हाव, टाकला. तेराव्याला तुमी तसं म्हणल्यावर मला वाटलं, मरत्या बाईला मी खोटं सांगितलं."

मला पाया पडायचं होतं. त्यांनी पाय मागं घेतले.

"ऋतुजा, ताईला चहा दे," म्हणाले आणि आत गेले. मी निघेपर्यंत बाहेर आले नाहीत.

त्यांनी माफ केलेलं नाही. करावं असं मी म्हणतही नाही.

सुनीता आणि बाकीच्या सगळ्यांनो, ज्यांना ज्यांना तुम्ही पत्ता चुकल्याचं सांगितलं असेल, त्यांना आता हे खरं सांगा. माझं नाव घेऊन सांगा.

वंदे, दाजी तुझ्याशी खोटं बोलले नव्हते गं.

तुझ्या फोटोसमोर मान वर होत नाही. तशीच, खाली मान घालून हात जोडते.