सोमूअण्णाची सुपारी

या सदरातले अनुभव मी वाचते ते हसण्यासाठी, हे आधीच सांगून टाकते. कुणाला पांढरी साडी दिसते, कुणाची गाडी वडाखाली बंद पडते... प्लग साफ करा की! मी इंजिनिअर आहे, घरात साधी पत्रिकासुद्धा ठेवलेली नाही. तरीही हे लिहितेय, कारण ऐकणारी मी एकटी नव्हते.

आमचं घर इंदिरानगरचं. पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात राहिलेली मराठी माणसं आम्ही, त्यामुळे बोलण्यात निम्मं कन्नड. सुपारीला आई अडकेच म्हणते. वरच्या मजल्यावर कोडगूचं, म्हणजे कूर्गचं, एक कुटुंब भाड्याने राहायचं. त्यांचा मुलगा सोमण्णा माझ्याहून मोठा, म्हणून माझा सोमूअण्णा. मला सख्खा भाऊ नाही. मी शाळेत असताना एका भाऊबीजेला आईने त्यालाच पाटावर बसवलं. त्याला बिचाऱ्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी अंगठी-सुपारीने ओवाळलं, सुपारी ताटात ठेवली, तर त्याने ती उचलून सरळ तोंडात टाकली आणि दाढेखाली फोडली. कट्!

"अय्यो! ते खायचं नसतंय रे, नुसतं ओवाळायचं असतंय!" आई ओरडली.

"सरी, ठीक आहे आंटी. मग ताटात कशाला ठेवली?"

झालं, तेव्हापासून दर वर्षी तो मुद्दाम फोडायचा. अख्खी सुपारी, एका दणक्यात. आई दर वर्षी रागवायची आणि दर वर्षी चांगली मोठी निवडून आणायची.

पुढे तो सैन्यात गेला, त्याचे आईवडील कोडगूला परतले. पहिल्याच भाऊबीजेला त्याचा फोन आला. मी रडवेली होऊन म्हटलं, आता चंद्रालाच ओवाळते. भाऊ जवळ नसला की आमच्यात तसं करतात.

"ओवाळ की," तो म्हणाला. "पण चंद्राला दात नाहीत. अडके माझी ठेव."

मी ठेवायचे. सुट्टीवर आला की गावी जायच्या आधी तो आमच्याकडे उतरायचा, बूट काढायच्या आत हात पुढे करायचा. "माझी अडके?"

नव्व्याण्णव साली कारगिलमध्ये तो गेला. कॅप्टन होता. लग्न ठरायचं होतं.

त्याला विमानाने बंगळुरात आणलं आणि तिथूनच कोडगूला नेलं. विमानतळावर ही गर्दी. एका अधिकाऱ्याने अगदी आदराने विचारलं, "आपण त्यांचे कोण?" अप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "फॅमिली फ्रेंड." खरंच होतं ते. पण मला तो शब्द इतका लागला म्हणून सांगू... घरी आल्यावर मी आईला विचारलं, आपल्याला सुतक आहे का? ती म्हणाली, "नाही गं. रक्ताचं नातं नव्हे ते." दुसऱ्या दिवशी मी इलेक्ट्रॉनिक सिटीची बस पकडून कामावर गेले. सगळं कोडगू त्याच्यासाठी रडत होतं आणि मी ऑफिसात रजा मागायला नातं शोधत होते.

त्या वर्षीची भाऊबीज आली. मी ताट करायला घेतलं तशी आई कळवळली. "गेलेल्याला ओवाळू नये गं, पुट्टी."

"करू दे तिला," अप्पा म्हणाले.

दिवेलागणीला मी गच्चीवर गेले. शेजारच्या नारळावर बीजेची कोर होती. लांब फटाके वाजत होते, हो, हे मुद्दाम सांगते, म्हणजे नंतर कुणी विचारायला नको. मी ओवाळलं, अंगठी आणि सुपारी ताटात ठेवली, ताट कठड्यावर ठेवून डोळे मिटले. मागायचं काय? मनात एवढंच आलं — सोमूअण्णा, मी तुझी कोण होते, तेवढं तरी सांगून जा.

कट्.

अगदी शेजारी. फटाका नव्हे. तो आवाज मी लहानपणापासून ऐकत आले होते, त्यात माझी चूक होणार नाही.

डोळे उघडले. निरांजन शांत जळत होतं. अंगठी होती, कुंकू होतं, अक्षता होत्या. सुपारी नव्हती.

इतक्यात जिन्याच्या तोंडाशी आई आली. "अडके कोण फोडलं गं?" तिने नेहमीच्याच रागाने विचारलं. आणि मग तिचं तिलाच कळलं.

अप्पांनी बॅटरी आणली. कुंड्या सरकवल्या, सकाळी गच्ची झाडून काढली, खालची बागही पाहिली. काही नाही. कावळा म्हणा, गडगडत गेली म्हणा, मीही म्हणून पाहिलंय. पण मग तो आवाज आईने कसा ऐकला? मी तर तिला काहीच बोलले नव्हते. आता दर भाऊबीजेला मी सर्जापूर रोडवरच्या फ्लॅटच्या बाल्कनीतून ओवाळते, कोर मावळेपर्यंत ताटाजवळ बसून राहते. सुपारी जागची हलत नाही. एकदाही नाही. मला तो हवा असतो, अजून, तितकाच. उत्तर माझ्याकडे नाही, तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर सांगा.

त्या संध्याकाळी मात्र आई खाली गेली आणि तिने बंब पेटवला. पाणी तापल्यावर टॉवेल माझ्या हातात दिला.

"डोक्यावरून अंघोळ कर," ती म्हणाली. "भाऊ गेलाय तुझा."