लेकीला सांगितलेला रिपोर्ट

रत्नागिरीतल्या आमच्या लॅबसमोर एक काका रिक्षा लावतात आणि मी रोज संध्याकाळी त्यांच्याच रिक्षाने घरी जाते. नाव कधी विचारलं नाही. बोलण्याआधी ते घसा खाकरतात, आणि मग इतकं हळू बोलतात की पुढे वाकून ऐकावं लागतं.

एक दिवस तेच लॅबमध्ये आले. त्यांच्या दोन्ही बहिणी चाळिशीतच स्तनाच्या कॅन्सरने गेल्या होत्या. या आजाराचा दोष जनुकांतून आलाय का, ते आता रक्तावरून कळतं, असं डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं.

"काका, ही तपासणी बहुतेक बायकाच करून घेतात," मी म्हटलं.

"बापाकडनं पण लेकीत उतरतो म्हणे. मला लेक आहे."

रिपोर्टमध्ये दोष निघाला. लेकीचं लग्न पाली गावातल्या मुलाशी ठरलं होतं. "लग्न होऊन जाऊ दे, मग सांगा," बायको म्हणाली. त्यांनी त्याच दुपारी लेकीला सांगितलं.

"म्हायत असून गप्प कसा राहू?" मला एवढंच म्हणाले.

लेकीने स्वतःच त्या मुलाला कळवलं. तोच तिला तपासणीसाठी रक्त द्यायला घेऊन आला. तिच्यातही दोष निघाला. पण आजार अजून नव्हता, आणि दरवर्षी तपासत राहिलं तर आला तरी वेळेवर सापडेल, असं डॉक्टर म्हणाले.

रिपोर्ट घ्यायला काकाही आले होते; तिघं बाहेर गेली. रिक्षा सुरू करायची सोडून काका पुन्हा पुन्हा मागे बसलेल्या लेकीकडे बघत होते.

"बाबा, मी चालवतो," तो मुलगा म्हणाला.

ते उतरले आणि मागे लेकीशेजारी जाऊन बसले.