निम्मं धरा!

त्या दिवशी सकाळी भाच्याचा, माऊलीचा, फोन आला. "मावशी, दादा गेले." मी शाळेला निघायच्या गडबडीत, खांद्याला पर्स, हातात डबा... आणि खरं सांगते, मला पहिल्यांदा रडू आलं नाही. मनात आलं, निम्मं धरावं. चक्कर आली असेल, दवाखान्यात नेलं असेल. त्याच्या वडिलांविषयीची, म्हणजे दत्तराव दाजींविषयीची, कोणतीही गोष्ट आमच्या घरात अशी अर्धी करूनच घ्यायची सवय होती. ही बातमी मात्र पुरती खरी निघाली. झोपेतच हृदय बंद पडलं होतं. पूर्णेहून पालमला पोचेपर्यंत मी एसटीत बसून त्या सवयीलाच शिव्या घालत होते.

सवय लावली माझ्या थोरल्या बहिणीनं, सुमनअक्कानं. दाजी तिचे यजमान. बोअरच्या गाडीवर ऑपरेटर होते. गावोगाव बोअर मारत हिंडायचे आणि घरी आले की ओसरीवर बैठक भरायची. त्यांच्या बोअरचं पाणी थेट लिंबाच्या शेंड्यापर्यंत उडालेलं असायचं आणि वाटेत साप निघाला तर तो गाडीच्या टायरएवढा जाड असायचा. ऐकणारे आ वासून बसलेले असताना आतून, भाकरी थापता थापता, अक्काचा आवाज यायचा, "निम्मं धरा!" त्या आवाजात राग नसायचा. बाजारात भाजीवालीशी घासाघीस करावी, तेवढ्याच सहजपणे ती म्हणायची. दाजीही खट्टू व्हायचे नाहीत. "बरं, अर्ध्या लिंबापस्तोर," म्हणायचे आणि पुढची गोष्ट सुरू. मेव्हणी म्हणून त्यांची थट्टा करायचा माझा हक्कच होता, आणि मी तो कधी सोडला नाही.

मग त्यांच्या ठेकेदारानं बोअरच्या गाड्या आफ्रिकेत, कॅमेरूनला नेल्या आणि दाजीही गेले. परत आले ते अंगानं वाळून, पण गोष्टी दुपटीनं घेऊन. तिथलं जंगल, तिथली माणसं, भरदिवसा चावणाऱ्या माश्या... अक्काचं आतून निम्मं करणं जोरात चाललं होतं. आणि एका संध्याकाळी, भरल्या बैठकीत, दाजी म्हणाले, "शोभा, माझ्या डोळ्यात जंत हिंडायलाय."

"कोणत्या डोळ्यात? का दोन्हींत फेऱ्या मारतो?" मी म्हणाले.

"डाव्या. काल पांढऱ्यावरून ह्या टोकाचा त्या टोकाला गेला. आरशात बगितला म्या. कसम."

"निम्मं धरा!" आतून आलंच.

"निम्मं म्हणजे काय गं अक्का? अर्धा जंत का अर्धा डोळा?" मी ओरडले आणि सगळी ओसरी हसली. दाजी हसले नाहीत. त्यांच्या गोष्टीला ते स्वतः हसले नाहीत, असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

पालमच्या डॉक्टरांनी डोळा उघडून पाहिला, काही नाही म्हणाले, थेंब दिले. कधी दाजींच्या मनगटावर टेंगूळ यायचं, पण दवाखान्यात नंबर लागेपर्यंत तेही गायब. जंतसुद्धा असा बेरकी, की चारचौघांत म्हणून तोंड दाखवायचा नाही. दाजी शर्टाच्या खिशात छोटा आरसा ठेवायला लागले. बोलता बोलता थांबायचे, पापणी खाली ओढून बघायचे आणि निराश होऊन आरसा परत खिशात टाकायचे. गंमत अशी, की गावात विश्वास कुणाचाच नव्हता, भीती मात्र सगळ्यांना होती. न्हाव्यानं दाढीला "उद्या या" म्हणायला सुरुवात केली. शेजारच्या बायका त्यांच्याशी बोलताना भिंतीकडे बघायच्या.

दिवाळीला मी गेले तेव्हा दाजी बाजेवर एकटेच बसले होते. हातात आरसा. "शोभा, म्या जन्मभर लय फेकलं, कबूल हाय," ते म्हणाले. "पण ह्या खेपेला भ्याव वाटायलंय मला. डोळा जातोय का काय... एकदा तरी पुरं धरा की तुमी." मला थट्टा सुचली नाही. आत जाऊन अक्काला म्हटलं, उद्या परभणीला डोळ्याच्या मोठ्या डॉक्टरकडे न्यायचं. "कुसळ गेलं असंल कुठलं तरी," ती म्हणाली, पण सकाळी लुगडं बदलून तयार होती.

एसटीत दाजी खिडकीशी, मध्ये अक्का, कडेला मी. ऊन त्यांच्या तोंडावर येत होतं. एकाएकी ते ताठ झाले. "आला... आला बग." अक्कानं त्यांची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे फिरवलं, वाकून बघितलं, आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं किंचाळली, "आगं बाई! पुरा हाय की वो!"

मीही पाहिला. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, पातळ पडद्याखाली, पांढरा दोरा वळवळत चालला होता. मग काय... माणसं सीटवर चढली. "सरका, मला बगू द्या," करत कंडक्टर आले. पुढच्या सीटवरच्या कॉलेजच्या पोरीनं मोबाईलवर व्हिडिओ घेतला. ड्रायव्हरनं गाडी कडेला लावली, पण तो येईपर्यंत जंत पसार झाला आणि परभणीपर्यंत तो बिचारा कुणाशी बोलला नाही. दाजींच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. "दमानं, दमानं, सगळ्यांला दिसंल," असं ते लोकांना सांगत होते. त्या धारा खाजेच्या होत्या की आणखी कशाच्या, ते मी विचारलं नाही.

परभणीचे डॉक्टर आधी हसले. मग व्हिडिओ पाहिला आणि खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "कुठं जाऊन आलात तुम्ही?" तिथल्या माशीच्या चावण्यातून हा जंत अंगात जातो आणि कातडीखाली वर्षानुवर्षं फिरत राहतो, हे त्यांनी समजावलं. ती माशी आपल्याकडे नाही, तेव्हा दुसऱ्या कुणाला होण्याची भीती नाही. डोळाही जाणार नाही. हे ऐकल्यावर अक्का जी रडायला लागली, ती डॉक्टरांनी पाणी मागवेपर्यंत थांबली नाही. गरम कापडानं शेकून, दिव्याखाली बराच वेळ वाट बघून त्यांनी तो बाहेर काढला. बोटभर लांब, दोऱ्यासारखा बारीक. पुढे रक्त तपासलं, गोळ्या झाल्या, दाजी बरे झाले.

तपासणी झाल्यावर दाजींनी तो बाटलीत मागून आणला आणि शोकेसमध्ये, माऊलीच्या कबड्डीच्या ढालींशेजारी मांडला. आलेल्या प्रत्येकाला आधी बाटली, मग चहा. अर्थात जंत वाढत गेला. बोटाचा वीत झाला, विताचा हात. आतून अक्का त्यांना अडवून म्हणायची, "बोटभर! म्या बगितलाय." दाजींना तेवढ्यानंही कोण आनंद व्हायचा.

दाजी गेल्यानंतर, परवा देवगाव फाट्याचे एक पाहुणे अक्काला भेटायला आले होते. बोलता बोलता त्यांची नजर शोकेसवर गेली. "हा दोरा कशाला ठिवलाय बाटलीत?" मी सांगितलं, दोरा नाही, दाजींच्या डोळ्यातून निघालेला जंत आहे. मी तिथं होते, बोटभर होता. पाहुणे मान हलवत हसले. ते हसू मला ओळखीचं होतं. वर्षानुवर्षं मीच हसले होते तसं.

आत भाकरी थापायचा आवाज थांबला.

"हातभर व्हता!" अक्का म्हणाली.

मग भाकरीचा आवाज पुन्हा सुरू झाला. पाहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "पुरं धरा."