टाळूची खिडकी

देवाच्या बाबतीत मी एकतर काहीच करत नाही, नाहीतर नको इतकं करतो. एरवी माझा नमस्कार म्हणजे ऑफिसची पँट चढवता चढवता देव्हाऱ्याकडे टाकलेली नजर. पण त्या सकाळी बोरिवलीहून अंधेरीच्या इस्पितळात निघताना मी गावच्या देवाचा अंगारा खोबरेल तेलात कालवला आणि बाळाच्या टाळूवर चांगला जाड थापला. आमची ही रोज तेलाने बाळाची टाळू भरायचीच, मी त्यात देवाची भर घातली. तासाभराने कळलं की डॉक्टरांना नेमकं तिथूनच आत बघायचं होतं.

बाळ लग्नानंतर अकरा वर्षांनी झालेलं, आणि तेही सातव्या महिन्यात. महिनाभर काचेच्या पेटीत राहून घरी आलं, तर पुढच्याच तपासणीला मुलांच्या डॉक्टरांनी त्याच्या डोक्याभोवती टेप दोन-दोनदा गुंडाळून पाहिली. डोकं नको इतक्या भराभर वाढत होतं. आत रक्त सांडून पाणी साठत असेल तर मेंदू दबतो, म्हणाले, सोनोग्राफी करून घ्या. पोटातल्या बाळाची सोनोग्राफी करतात, हेच मी ऐंशीच्या दशकातल्या त्या वर्षांत नुकतं कुठे ऐकलं होतं. डोक्याची म्हटल्यावर मला वाटलं, डॉक्टरांची जीभच घसरली. घरी येईपर्यंत हसू विरलं होतं. हे मूल आपल्याला ओळखेल का, एवढा एकच प्रश्न उरला होता, आणि तो आम्ही दोघं एकमेकांना विचारत नव्हतो.

मशीनवरच्या डॉक्टरीणबाईंनी माझा अंगारा पाहिला. रागावल्या नाहीत. कापसाने हळूहळू पुसता पुसता म्हणाल्या, "इथे अजून हाड जुळलेलं नाही, म्हणून ही खिडकी. आपल्याला ऐकू न येणारा आवाज इथून आत सोडायचा. तो परत येतो आणि आत काय आहे ते सांगतो. वर्ष-दीड वर्षात ही मिटते." मी थक्क होऊन ऐकत राहिलो. पण पुसल्यामुळे म्हणा, थंडगार जेलमुळे म्हणा, बाळाने आकांत मांडला. डोकं हले, पडद्यावर नुसता धुरळा दिसे. हिने घेतलं, थोपटलं, उपयोग नाही. बाई म्हणाल्या, "शांत नाही झाला तर झोपेचं औषध देऊन मोठा स्कॅन करावा लागेल. इतक्या नाजूक जिवाला ते औषध मला नकोय."

वाट लागली. मला अंगाई येत नाही. तोंडपाठ म्हणाल तर एकच गोष्ट, आमच्या मालवणकडच्या गावी वडील सगळ्यांच्या वतीने देवळात घालायचे ते गाऱ्हाणं. मी डोळे मिटून त्याच संथ सुरात सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, आज ह्यां लेकरू तुझ्या पायाशी इला हा..." पुढचं मला गावातलंच ठाऊक. "गुरांवासरांक सुखी ठेव, शेतात इल्लो डुकर परत फिरव..." आणि थांबलो. एक तर लाजेने, आणि दुसरं म्हणजे दर मागण्यानंतर गावकऱ्यांनी 'व्हय', म्हणजे होय, म्हणायचं असतं. गाऱ्हाणं एकट्याने पुरं होत नाही.

"व्हय म्हाराजा!"

दारात एक आयाबाई उभी होती, एका हातात बादली, दुसऱ्यात फडकं. "थांबलास कित्याक? म्हण फुडे!"

डॉक्टरीणबाई पडद्यावरची नजर न हलवता म्हणाल्या, "डुक्कर असू दे हो, पण आवाज थांबवू नका. तो ऐकतोय."

मी डुकरापासून भातापर्यंत सगळं मागितलं. दर वाक्याला दारातून 'व्हय' येत होतं, आणि बाळ टक लावून माझ्याकडे बघत होतं. धुरळा बसला. करड्या पडद्यावर माझ्या मुलाचा मेंदू दिसला, मधोमध पाण्याच्या दोन काळ्या कोठड्या. जरा रुंद, बाई म्हणाल्या, पण भीती वाटावी इतक्या नाहीत. बाहेर येऊन आयाबाईला शोधलं, तर ती पुढच्या वॉर्डात फरशी पुसायला निघून गेली होती.

पुढे चार वेळा गेलो. कोठड्या वाढल्या नाहीत. शेवटच्या खेपेला बाईंनी मेंदूच्या कडेला नव्याने पडलेल्या घड्या दाखवल्या, एखाद्या माळ्याने रोपाची पालवी दाखवावी तशा कौतुकाने. याला चमत्कार म्हणावं की नाही, मला ठाऊक नाही. मागणं तेवढं माझं, आणि तेही चुकीचं. 'व्हय' म्हणणं माझ्या हातात नव्हतं, आणि ते माझ्या हातात नाही याचा आधार वाटायला मला चाळिशी गाठावी लागली.

त्या शेवटच्या खेपेहून परतताना रिक्षात मी हिला विचारलं, "माझ्या अंगाऱ्याचा काही उपयोग झाला असेल का गं?"

तिने बाळाचं टोपडं सारखं केलं. "अहो, खिडकी तुम्ही लिंपून टाकली होतीत," ती म्हणाली, "म्हणून तर देवाला बादली घेऊन दारातून यावं लागलं."